बधिर कपाळाचा नकाशा

नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस वाचत नाही, असे आमच्या वऱ्हाडात सगळेच सांगत. माझ्या आत्याला नागीण झाली ती कपाळावर. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. उजव्या भुवईपासून निघालेली फोडांची रांग केसांत शिरली होती आणि घरातल्या बायका रोज सकाळी तिचे कपाळ न्याहाळून ‘मधे आली का?’ असे एकमेकींना विचारत. गेरूचा लेप चालू होता. रांग मधोमध येऊन थांबली, पलीकडे गेली नाही. पंधरा-वीस दिवसांत खपल्या पडल्या आणि आत्या वाचली म्हणून सगळ्यांनी देवापुढे नारळ फोडला.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. फोड गेले, पण कपाळ परत आले नाही. आत्या म्हणे, कुंकू लावताना अर्धे बोट कळते, अर्धे कळत नाही. उजव्या बाजूने कंगवा फिरवला तर केस हलतात, पण डोक्याला पत्ता लागत नाही. आणि त्याच न कळणाऱ्या जागेत रात्री-अपरात्री सुया टोचत, मुंग्या धावत. ‘बधिर आहे म्हणतेस आणि दुखते असेही म्हणतेस, दोन्ही कसे खरे?’ असे तिला विचारले जाई. तिच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या भागात बधिर चामडीचा अर्थ एकच होता, महारोग. तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही. फक्त एके दिवशी तिच्यासाठी जर्मनची वेगळी थाळी आली.

हे सारे मी विसरलो होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच डोक्याच्या मागच्या डाव्या बाजूला, कानामागून वर, तळहाताएवढी जागा बधिर झाली. हात लावला तर मधे जाड कापड असल्यासारखे वाटे, आणि मधूनच झिणझिण्या येत. एमआरआय झाला, रक्त तपासले, सारे ‘नॉर्मल’ निघाले. एका डॉक्टरांनी सांगितले, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ घरी येताना मला आत्याची थाळी आठवली. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, वैद्यकाशी संबंध नाही. पण ज्याला नाव नाही ते ‘काही नाही’ असते का, हा प्रश्न डोक्यात राहिला. जुन्या वैद्यकीय लेखांच्या मागे लागलो, आणि चेहरा-मस्तकाच्या संवेदनांचा जो इतिहास हाती आला तो इथे मांडतो आहे.

०००

सुरुवात शब्दांपासून करू, कारण या दुखण्यात रुग्णाकडे दाखवायला दुसरे काही नसते. जखम दिसते, ताप मोजता येतो. बधिरपणा फक्त सांगता येतो.

‘बधिर’ म्हणजे मुळात बहिरा. मराठीने हा शब्द कानावरून कातडीवर आणला. आयुर्वेदाने याच अनुभवाला ‘सुप्ती’ म्हटले, म्हणजे झोप. आणि कुष्ठाच्या लक्षणांत ‘स्पर्शहानी’ नोंदवली. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मस्तकाचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांतल्या ‘अनंतवाता’चे वर्णन मानेच्या मागून सुरू होऊन डोळा, भुवई आणि शंखप्रदेशात स्थिरावणारी वेदना असे आहे, गालाची थरथर आणि हनुवटी आखडणेही त्यात येते. आजच्या एखाद्या आजाराचे नाव त्याला चिकटवण्याची घाई मी करणार नाही. पण वर्णन करणाऱ्याने रुग्णाला वेदना कुठून निघते आणि कुठे जाते हे विचारले होते, एवढे त्यातून नक्की दिसते.

‘मुंग्या येणे’ हा शब्द तर थेट शास्त्रात पोहोचला आहे. फ्रेंच भाषेतही त्याला मुंग्यांवरूनच ‘फूर्मियमाँ’ म्हणतात. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना, झ्यूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरने एक गोष्ट टिपली. तुटलेल्या नसेच्या मार्गावर बोटाने टिचकी मारली असता काहींना दुखे आणि काहींना मुंग्या येत. वेदना म्हणजे नस चिडलेली. मुंग्या म्हणजे नस पुन्हा वाढू लागलेली. त्याच वर्षी पाउल होफमान या जर्मन डॉक्टरनेही, युद्धरेषेच्या पलीकडे, हेच नोंदवले. ‘दुखते की मुंग्या येतात?’ हा आजीबाईचा प्रश्न तेव्हापासून तपासणीचा भाग झाला.

०००

शब्द न ऐकता हत्यार उचलले तर काय होते, याचा धडा मात्र युरोपला त्याआधीच मिळाला होता.

डिसेंबर १६७७. पुढे तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेला जॉन लॉक तेव्हा वैद्य म्हणून पॅरिसमध्ये होता. इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला, लेडी नॉर्थम्बरलंडला, चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ येत असे. तिचे दात आधीच उपटून झाले होते. कळ गेली नव्हती. लॉकने लंडनच्या आपल्या वैद्य मित्राला पत्रे लिहून झटका केव्हा येतो, किती टिकतो, तोंड कुठे वाकडे होते, हे बारकाईने कळवले. त्याच्याजवळ औषध जुलाबाचेच होते. वर्णन मात्र आजही उपयोगी पडते.

१७५६ मध्ये निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्याने या दुखण्याला ‘तिक दुलुरू’, म्हणजे वेदनेची उबळ, असे नाव दिले. गंमत अशी, की हे वर्णन आहे त्याच्या मूत्रमार्गाच्या रोगांवरील पुस्तकात. चेहऱ्याच्या या दुखण्याला स्वतंत्र घर अजून मिळाले नव्हते. आंद्रे डोळ्याखालची नस दाहक द्रवाने दिवसेंदिवस जाळत असे. १७७३ मध्ये लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी आपल्या रुग्णांची लक्षणे मांडली आणि हा दातांचा विकार नाही हे स्पष्ट होऊ लागले.

तर मग हा विकार कोणत्या नसेचा? चेहऱ्यात दोन मोठ्या नसा पसरतात. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी आणि सातवी. पाचवीला तीन फांद्या आहेत, म्हणून तिचे नाव ट्रायजेमिनल: एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. सातवी कानाजवळून बाहेर पडून चेहराभर जाते. दोघींची कामे वेगळी असतील अशी शंका बहुतेकांना आली नाही. त्यामुळे वेदना थांबवायला काही शल्यवैद्य सातवी नस कापत. परिणाम असा होई, की रुग्णाचे अर्धे तोंड लुळे पडे, डोळा मिटेना, ओठातून पाणी गळे, आणि वेदना जिथल्या तिथे राही.

हा गोंधळ सोडवण्याचे श्रेय चार्ल्स बेल यांना दिले जाते. १८२१ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला. पण बेल यांचीही एक मोठी चूक झाली होती. त्यांनी गाढवाच्या वरच्या ओठाकडे जाणारी पाचवीची फांदी कापली. गाढव ओठांनी दाणे उचलेनासे झाले. बेल यांनी निष्कर्ष काढला की ओठ हलवणारी नस हीच. त्यांचाच एक जुना विद्यार्थी, हर्बर्ट मेयो, याने १८२२ मध्ये हे खोडून काढले. गाढवाचे ओठ हलत होते; दाणा ओठाला लागला आहे हेच त्याला कळत नव्हते, म्हणून ते उचलत नव्हते. चावण्याचे स्नायू सोडले तर पाचवी नस ही स्पर्शाची, आणि चेहरा हलवणारी नस सातवी.

हा तपशील वाचून मी बराच वेळ थांबलो. बधिरपणा बाहेरून कसा दिसतो? आळसासारखा, हट्टासारखा, नाहीतर लुळेपणासारखा. गाढवाला बोलता येत नव्हते. आत्याला येत होते, तरी तिचे ऐकले गेले नाही.

बेल यांनी पुढे माणसांचे अनुभव जमवले. एका गृहस्थाने दात काढल्यावर पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि फुटका पेला दिला म्हणून तक्रार केली. पेला धड होता, त्याचा अर्धा ओठ बधिर होता. १८३० च्या सुमारास त्यांनी स्तनाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीच्या बधिर ओठाची नोंद केली. रुपयाएवढी हनुवटी कारणाशिवाय बधिर होणे हे कधी कधी शरीरात पसरलेल्या कर्करोगाचे चिन्ह असते, हे आज डॉक्टरांना शिकवले जाते. किरकोळ वाटणारी तक्रार ऐकून घेतल्याचे हे फळ आहे.

०००

आता नागिणीकडे येतो. नसांचे मार्ग प्रेतांवर शोधले गेले होते, पण जिवंत माणसाच्या कातडीवर कोणत्या नसेचा मुलूख कुठे संपतो हे दिसत नव्हते. तो नकाशा नागिणीने काढून दिला.

१८६० च्या दशकात बेरेनश्प्रुंग या जर्मन डॉक्टरने दाखवले की नागिणीचे मूळ कातडीत नसून नसेच्या मुळाशी असलेल्या गाठीत असते. १९०० मध्ये हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी २१ शवविच्छेदनांच्या आधारे हे पक्के केले. कोणती गाठ बिघडली की फोड कुठे उठतात, याच्या नोंदींतून शरीराच्या पट्ट्यांचा नकाशा तयार झाला. याच हेड यांनी १९०३ मध्ये स्वतःच्या हाताची नस कापून घेतली आणि आपला मित्र रिव्हर्स याच्याकडून परतणाऱ्या स्पर्शाची चार वर्षे तपासणी करून घेतली. रुग्णांचे शब्द पुरेसे नेमके वाटेनात, म्हणून डॉक्टर स्वतः रुग्ण झाला. हा रिव्हर्स म्हणजे निलगिरीतल्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारा.

आणि नागीण येते कुठून? सिरेन्सेस्टर या इंग्लंडमधल्या छोट्या गावी साधी प्रॅक्टिस करणाऱ्या एडगर होप-सिम्प्सन या डॉक्टरने आपल्या पंचक्रोशीतल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये मांडले, की लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या गाठीत निजून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो. पुढे प्रयोगशाळांनी याला दुजोरा दिला.

यातून आमच्या घरातल्या म्हणीचा उलगडा झाला. नागीण एका बाजूच्या एका गाठीतून उठते; तिचा मुलूख शरीराच्या मध्यरेषेवर संपतो. म्हणून तोंड आणि शेपूट सहसा मिळतच नाहीत. पूर्वजांनी ‘मिळत नाही’ हे अगदी बरोबर पाहिले होते. ‘मिळाले तर मरण’ हे त्याचे स्पष्टीकरण चुकीचे होते. आत्याचे अर्धे बोट कळे आणि अर्धे कळत नसे याचेही कारण हेच. कुंकवाची जागा नेमकी सरहद्दीवर असते. आणि बधिर जागा दुखू शकते, कारण जखमी नस बाहेरची बातमी आणत नसली तरी स्वतः ओरडू शकते. दोन्ही खरे होते.

नागिणीच्याच संदर्भात जोनाथन हचिन्सन यांचे नाव येते. कपाळावरच्या नागिणीचे फोड नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला धोका आहे असे समजावे, हे त्यांचे निरीक्षण आजही वापरले जाते. हेच हचिन्सन विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आले ते कुष्ठरोग नासक्या मासळीने होतो हे सिद्ध करायला. हान्सेनने कुष्ठाचा जंतू १८७३ मध्येच पाहिला होता. मासळी न खाणाऱ्या लोकांतही कुष्ठरोग होता. तरी त्यांनी मत सोडले नाही. माणूस तोच, नजर तीच. एका ठिकाणी त्याने समोरचे पाहिले आणि दुसऱ्या ठिकाणी मनातले.

०००

नकाशा तयार झाल्यावर एक नवेच संकट उभे राहिले. नकाशात न बसणाऱ्या माणसांचे काय?

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८८० च्या दशकात शेकडो स्त्रियांची सुईने तपासणी केली. ज्यांचे अर्धे अंग बधिर होते पण नसेत किंवा मेंदूत दोष सापडत नव्हता त्यांना ‘हिस्टेरिया’ असे नाव मिळाले. शार्को यांनी निदान हे दुखणे खरे मानले होते. त्यांच्या नंतर मात्र तो शब्द शिक्का झाला. पाठ्यपुस्तकांत नियम आला की बधिरपणा बरोबर मध्यरेषेवर संपत असेल तर तो मनाचा समजावा, कारण शेजारच्या नसा सरहद्दीवर थोड्या एकमेकींत मिसळतात. या नियमाने माझ्या आत्याचे कुंकूही मनाचेच ठरले असते. १९८६ मध्ये अमेरिकेत मेंदूचा उघड आजार असलेल्या तीस रुग्णांवर असे ‘मनाचे’ ठोकताळे तपासले गेले, तेव्हा ते बहुतेकांमध्ये सापडले.

लंडनच्या एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये, हिस्टेरियाचे निदान झालेल्या ८५ रुग्णांचे पुढे काय झाले ते शोधले. बऱ्याच जणांत नंतर शारीरिक आजार निघाले होते. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की १९७० नंतरच्या निदानांचा आढावा २००५ मध्ये घेतला गेला तेव्हा अशा चुकांचे प्रमाण सुमारे चार टक्के आढळले. आज डॉक्टर याला संवेदनांच्या कार्यातला बिघाड म्हणतात, सोंग म्हणत नाहीत. म्हणजे नकाशात न बसणे हा खोटेपणाचा पुरावा नाही.

दुसरा पुरावा त्या विजेसारख्या कळेचाच. अमेरिकन शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये २१५ शस्त्रक्रियांच्या आधारे लिहिले, की पुष्कळ रुग्णांत पाचव्या नसेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकलेली दिसते. फारसे कोणी मनावर घेतले नाही. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९६० च्या दशकात, पीटर जॅनेटा यांनी ती रक्तवाहिनी अलगद बाजूला करून मधे छोटी गादी ठेवण्याची पद्धत रूढ केली. नस न कापता कळ थांबू लागली. त्याआधी नस कापून कळ घालवलेल्या काही रुग्णांना चेहरा बधिर होऊनही तिथेच जाळणारी वेदना होई. वैद्यकाने तिला बधिर जागेची वेदना असेच नाव दिले आहे. आत्याला विचारलेला प्रश्न वैद्यकाने असा स्वतःच सोडवला.

लॉकच्या पत्रापासून तीनशे वर्षांच्या आत कारण सापडले. ते आधीही तिथेच होते. दिसत नव्हते एवढेच.

०००

माझ्या स्वतःच्या बाबतीत शेवटी एका तरुण न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी अर्धा तास दिला. त्यांनी कापसाची वात केली, टाचणी घेतली, आणि कळते-कळत नाही विचारत पेनाने माझ्या डोक्यावर रेघ ओढली. ती रेघ कानामागून टाळूकडे गेली. त्या म्हणाल्या, ‘काका, हा भाग चेहऱ्याच्या नसेचा नाही. मानेतून वर येणाऱ्या नसांचा आहे.’ नस का रुसली ते त्यांनाही सांगता आले नाही. अचानक अर्धा चेहरा बधिर झाला, बोबडी वळली किंवा हातातली शक्ती गेली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, एवढे मात्र त्यांनी बजावले. बधिरपणा अजून आहे. पण त्याला आता हद्द आहे, पत्ता आहे.

आणि तेव्हा आत्याच्या गोष्टीचा शेवट आठवला. आमच्या जिल्ह्यात कुष्ठरोगाचे काम जुने, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले, शेजारच्या वर्ध्यात मनोहर दिवाणांचे दत्तपूर त्याही आधीचे. कुष्ठरोग तंत्रज्ञ सायकलवरून गावोगावी फिरत. नागिणीनंतर चार-पाच वर्षांनी असे एक गृहस्थ आमच्या वाड्यात आले. त्यांनी आत्याला ओट्यावर बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या वातीने कपाळ तपासले. जिथे स्पर्श कळे तिथे ती बोट ठेवी. मानेवरची, कोपराजवळची नस त्यांनी चाचपून पाहिली. कुष्ठरोगात या नसा जाड होतात. मग नागिणीच्या वणांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘बाई, हे त्यातले नाही. नागिणीने नस जळाली आहे.’

वात, बोट, आणि ‘कळते का?’ हा प्रश्न. दोनशे वर्षांच्या नकाशाचे सारे ज्ञान त्या सायकलवरच्या माणसाच्या हातात होते, हे मला आता समजते. आणि हेही, की ते त्यातले असते तरी थाळी वेगळी करण्याचे कारण नव्हते. कुष्ठरोग ताटावाटे पसरत नाही. त्या रोगावर खात्रीचे औषधोपचार १९८० च्या दशकात गावोगाव पोहोचले. कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा १८९८ चा कायदा मात्र २०१६ पर्यंत पुस्तकात होता.

आजीने त्याच दिवशी जर्मनची थाळी माळ्यावर टाकली आणि रात्री आत्याला पंगतीत पितळी मांडली. आत्या उठली, माळ्यावरून थाळी काढून आणली, आणि तिच्यातच जेवली. पुढेही मरेपर्यंत ती त्याच थाळीत जेवली. घरातले म्हणत, तिला सवय झाली. तसे नव्हते, हे मला तेव्हाही वाटले होते. पण मी लहान होतो, आणि तिला कोणी विचारले नाही.